दोनदा वाजलेले आठ

पडद्यावरच्या ओळीतला साध्या आकड्याचा टाइप, म्हणजे प्रकार, मास्तरांनी खोडला, त्या जागी स्वतः तयार केलेला नवा टाइप लिहिला, आणि लिहिलेलं तपासून प्रोग्राम बांधणारा कंपायलर सुरू करण्याआधी ते जरा थांबले. ताईच्या पत्राला अजून उत्तर गेलं नव्हतं. पत्र घरी होतं, कपाटातल्या पुस्तकांवर आडवं ठेवलेलं, पण त्यातलं अक्षर काही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे ताईने ते डाव्या हाताने लिहिलं होतं. नोकरीभर शाळेतल्या मुलांकडून सुलेखन गिरवून घेणाऱ्या बाईचं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं ओळ सोडून खाली घसरलं होतं. मजकूर एवढाच: डबा नीट आहे ना? आहे, असं लिहून पाठव.

‘आहे’ लिहावं, तर ताईच विसरली असा त्याचा अर्थ होत होता. ‘नाही’ लिहावं, तर हातात पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायची मास्तरांना सवय नव्हती. तशी त्यांना बोलायचीच फारशी सवय नव्हती.

त्यांनी कळ दाबली. कंपायलरने प्रोग्राम बांधायला साफ नकार दिला. लाल ओळी एकीखाली एक उमटत गेल्या, पडदा भरला, आणि तरी त्या थांबेनात.

“काय हो मास्तर, खून केलात की काय कुणाचा?” मागून जाता जाता चाचणीच्या बाई म्हणाल्या.

“अजून नाही,” मास्तर म्हणाले.

कंपनी लहान होती. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांसाठी ती औषधांचे डबे बनवत असे. डब्यात गोळ्यांचे कप्पे असत. ठरलेली वेळ झाली की डबा वाजायचा आणि ओळीतला पुढचा कप्पा आपोआप उघडायचा. कुणाला बाहेर जायचं असलं, तर बटण दाबून पुढची मात्रा आधीच काढून घेता यायची. कप्पा कसाही उघडो, डबा त्याची नोंद करायचा, आणि ती नोंद मुलाच्या नाहीतर सुनेच्या फोनवर जायची. डब्याच्या पोटातला प्रोग्राम तिघाचौघांनी मिळून लिहिला होता. मास्तर त्यांतले सगळ्यांत जुने. त्यांनी कुणाला कधी शिकवलं नव्हतं, पण जेवतानासुद्धा शेजारी पुस्तक उघडं असायचं, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव मास्तर पडलं होतं.

पहिल्या खेपेतला एक डबा त्यांनी स्वतः ताईच्या घरी नेऊन बसवला होता. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची. शेजारणीला, दूधवाल्याला, वीजमीटर वाचायला आलेल्या माणसालाही. भाचा हसायचा. “आईचं म्हणजे आपला तो बाब्या,” तो म्हणायचा. “दुसऱ्याने बनवला असता तर म्हणाली असती, कशाला हे वाजणारं खोकं.”

मग एका सकाळी ताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं. रक्तदाबाच्या दोन वेळच्या गोळ्या एकदम पोटात गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. भाच्याने फोन उघडून पाहिला. सकाळी दोन कप्पे उघडल्याची नोंद होती. घरी जाऊन डबा पाहिला, तर संध्याकाळचा कप्पा खरोखरच रिकामा.

त्याने मास्तरांना फोन केला तेव्हा त्याचा आवाज दमलेला होता. आईने सकाळची गोळी घेतली, विसरली, बटण दाबून पुन्हा घेतली. आणि तीच म्हणते, विसरले असेन. आज गोळ्या, उद्या गॅस. आता तिला एकटीला ठेवायचं नाही. महिनाअखेरीला तिची दोन खोल्यांची जागा सोडायची आणि आईला आपल्याकडे न्यायचं. मामांनी यात मध्ये पडू नये, असंही त्याने अगदी अदबीने सांगितलं.

मास्तर मध्ये पडणारे नव्हतेच. पण त्यांना ते पटेना. वर्गातल्या साठ मुलांची नावं, त्यांच्या बापांचे धंदे आणि कुणाचा दात कधी पडला हेसुद्धा ताईला तोंडपाठ असायचं. त्यांनी ऑफिसात बसून ताईच्या डब्याची सविस्तर नोंद काढली. दोन ओळी होत्या. एक आठची, आणि दुसरीही आठचीच.

ते कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब त्यांच्यापेक्षा बरेच लहान होते आणि बोलताना नेहमी उभे राहायचे.

“एकच नोंद दोनदा लिहिली गेली असणार,” साहेब म्हणाले.

“पण संध्याकाळचा कप्पाही रिकामा होता.”

“मग तो त्यांनी नंतर उघडला असेल.”

“मग त्याची वेगळी नोंद कुठेय?”

साहेबांनी खांदे उडवले. अर्ध्या गोष्टीचं एक कारण, उरलेल्या अर्ध्या गोष्टीचं दुसरं. आणि दोन्ही कारणं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला तयार नाहीत. मास्तरांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. ते जागेवर परत येऊन बसल्यावर त्यांना ते सगळं नीट सुचलं.

त्यांचा संशय नवा नव्हता. प्रोग्राममध्ये वेळ सगळीकडे नुसता आकडा होता. कुठे तो सेकंदांत, कुठे सेकंदाच्या हजाराव्या भागात. शिवाय डब्यात घड्याळंही दोन. एक भिंतीवरच्या घड्याळासारखं, दिवस आणि तास सांगणारं. ते पुढेमागे झालं की नेटवर्कवरून आपोआप दुरुस्त व्हायचं, म्हणजे प्रसंगी मागेही जायचं. दुसरं आतलं. डबा चालू झाल्यापासून किती वेळ गेला तेवढं मोजणारं. ते मागे कधीच जायचं नाही. दोघांकडून येणारा मात्र आकडाच. आकड्यावर त्याचं नाव-गाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे कुणीही तो उचलून कशातूनही वजा करावा. वेळेला स्वतःचा टाइप द्या, म्हणजे असली सरमिसळ कंपायलरच अडवील, ही सूचना मास्तरांनी एका जुन्या बैठकीत मांडली होती. पण इतक्या हळू आवाजात, की इतिवृत्तात ती ‘इतर’ या सदराखाली गेली. साहेब तेव्हा म्हणाले होते, “मास्तर, चालत्या गाडीला खीळ घालू नका.”

या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. रिकाम्या वेळात करा म्हणाले. रिकामा वेळ नव्हताच, म्हणून मास्तरांनी जेवणाची सुट्टी त्यासाठी काढली. पुस्तक मिटलं गेलं आणि पोळीचे तुकडे की-बोर्डवर सांडू लागले.

“पण हा टाइप म्हणजे करणार काय नक्की?” एके दुपारी चाचणीच्या बाईंनी खुर्ची ओढत विचारलं. त्यांचं काम डबे मोडून पाहण्याचं. ते त्या फार आवडीने करायच्या.

“तुमची जन्मतारीख आणि तुमच्या यजमानांची जन्मतारीख. बेरीज केली तर काय येईल?”

“भांडण.”

“आणि वजाबाकी केली तर?”

“ते माझ्याहून किती मोठे ते कळेल. वागण्यावरून कळत नाही.”

“तेवढंच मला यंत्राला शिकवायचंय,” मास्तर म्हणाले. “क्षणातून क्षण वजा केला की अवधी येतो. क्षणात क्षण मिळवायचा नाही. आणि या घड्याळाचा क्षण त्या घड्याळाच्या क्षणातून वजा करायचा नाही. आज कुणीही कुणाच्याही ताटात जेवतंय.”

बोलून झाल्यावर त्यांनाच लाज वाटली. एवढं सलग ते ऑफिसात बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

लाल ओळी संपता संपेनात. एक मिटवावी तर तिच्या पोटातून आणखी तीन निघायच्या. आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट ही, की त्यांतली एकही ओळ चुकीची निघत नव्हती. सेकंदांच्या जागी सेकंदच होते, आतल्या घड्याळाच्या जागी आतलंच. सगळं आधीपासून बरोबर होतं, फक्त आता ते कंपायलरला पटेल असं नव्याने लिहायचं होतं. मास्तर एकेक ओळ उघडायचे, हीच ती, असं वाटायचं. मग कळायचं, काही नाही. बाकीचे दोघे त्यांच्या बदलांमुळे अडून बसले होते. त्यांतला एक दाराशी येऊन नुसता उभा राहायचा, काही बोलायचा नाही, निघून जायचा. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांची कामं विचारली आणि शेवटी मास्तरांकडे वळले.

“वेळेला वेळ म्हणायला तुम्हाला अजून किती वेळ लागणार?”

सगळे हसले. मास्तरही हसले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी कपाटातल्या एका पुस्तकातलं या विषयावरचं प्रकरण पुन्हा काढलं. समासात त्यांच्याच हातच्या शिसपेनच्या खुणा होत्या, जुन्या आणि फार खात्रीने केलेल्या. त्या वाचताना त्यांना वाटलं, आपण हे ताईसाठी करतोय, की त्या जुन्या बैठकीसाठी? आपलंच खरं होतं हे दाखवायला ताईचं मोडकं मनगट आयतं सापडलं, असं तर नाही? भाचा म्हणतो तेच खरं असेल. वय होतं, माणूस विसरतो. आपण नाही का चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत. मास्तरांनी पुस्तक मिटलं, आणि पत्र त्याच्यावर होतं तसं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मोजक्याच ओळी उरल्या होत्या. त्यांतली एक काही केल्या बसेना. ती राखणीची ओळ होती: डब्याने वाजण्याआधी, मागच्या मात्रेला पुरेसे तास होऊन गेलेत का, हे तपासणारी. मास्तरांनी ती तीन तऱ्हांनी लिहून पाहिली. तिन्ही वेळा कंपायलर तेच म्हणत राहिला, अगदी हट्टी सासऱ्यासारखा: ही वजाबाकी होणार नाही.

त्यांना टाइपचाच राग आला. नसता सोवळेपणा. त्यांनी स्वतःच त्या टाइपमध्ये एक मागचं दार ठेवलं होतं, अगदीच नड पडली तर आतला कच्चा आकडा बाहेर काढता यावा म्हणून. दोन्ही बाजूंचे कच्चे आकडे काढायचे, वजा करायचे, झालं. एक ओळ. कुणाला कळणारही नव्हतं. दारातला तो न बोलणारा आज पुन्हा येऊन उभा होता. मास्तरांनी ते लिहायला घेतलं, अर्धं लिहिलंही, आणि कच्चा आकडा कुठून येतोय ते पाहायला वर गेले.

मागच्या मात्रेचा क्षण भिंतीवरच्या घड्याळाचा होता. ‘आत्ता’ मात्र आतल्या घड्याळाचा.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. घरातून निघून किती मिनिटं झाली या आकड्यातून कुणीतरी कॅलेंडरवरची तारीख वजा केली होती. त्या वजाबाकीला काही अर्थच नव्हता. पण आकडाच तो, त्याला कसली शरम. उणे आकडा तिथे मांडताच येत नसे, म्हणून दर वेळी काहीतरी अवाढव्य निघायचं, आणि राखण म्हणायची, हो, मागच्या गोळीला पुष्कळ काळ लोटला, खुशाल वाजव. पहारेकरी पहिल्या दिवसापासून झोपलेला होता. आठ रोज एकदाच वाजायचे, तोवर त्याची गरजच पडली नव्हती.

मास्तरांनी लिहिलेलं अर्धं मागचं दार खोडून टाकलं. मग ते उठले आणि चाचणीच्या बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

बाईंनी फार विचारलं नाही. फळीवरून जुन्या प्रोग्रामचा एक डबा काढला, कप्प्यांत गोळ्यांऐवजी वाटाणे भरले, आणि त्याचं घड्याळ नेटवर्क तोडून थोडं पुढे ढकललं, जसं ते बरेच दिवस नेटवर्क मिळालं नाही की आपोआप पुढे जातं. डब्याचे आठ झाले. डबा वाजला, सकाळचा कप्पा उघडला. बाईंनी वाटाणा काढून घेतला आणि नेटवर्क जोडलं. घड्याळ दुरुस्त होऊन मागे आलं, आठला काही मिनिटं कमी. दोघं खुर्च्या ओढून बसली. बाई टेबलावर बोटाने ठेका धरत होत्या. मग डब्याचे पुन्हा आठ झाले, डबा पुन्हा वाजला, आणि संध्याकाळचा कप्पा उघडला.

नोंदीत दोन ओळी होत्या. आठ. आठ.

“म्हणजे बटण कुणी दाबलंच नव्हतं,” बाई म्हणाल्या. त्यांचा ठेका थांबला होता. त्यांनी विचारलं, “मास्तर, किती घरांत आहे हो हा?”

साहेबांनी सगळं उभ्याने ऐकलं, मग पहिल्यांदाच खाली बसले. दार लावून घ्यायला सांगितलं. मास्तरांची त्यांनी मनापासून तारीफ केली. नवा प्रोग्राम आजच सगळ्या डब्यांत जाईल, बाकीची कामं मागे राहिली तरी चालतील म्हणाले, आणि तसं केलंही. मास्तर दाराशी पोचल्यावर त्यांनी हाक मारली.

“एक लक्षात असू द्या. लेखी काही बाहेर जाणार नाही. वकिलांशी बोलल्याशिवाय एक ओळसुद्धा नाही.”

“माझी बहीण…”

“त्यांचं मला वाईट वाटतं. पण त्या स्वतःच विसरले म्हणाल्या ना?” साहेब टेबलावरचे कागद सारखे करत होते. “तुमच्या नोकरीची यंदाची मुदतवाढही सहीला आलीये. होऊन जाईल ती.”

त्यात धमकी नव्हती. ते नुसती आठवण करून देत होते. मास्तरांना धमकी परवडली असती. तिच्यावर निदान रागावता तरी आलं असतं.

रविवारी ते ताईकडे गेले. भाचा सामान नेण्यासाठी गाडी ठरवायला बाहेर पडला होता. पुढच्या खोलीत पडदे उतरवलेले, भिंतीवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन, आणि दोऱ्याने बांधलेली पुस्तकं दाराशी. औषधांचा डबा बंद करून चपलांच्या खोक्यात ठेवलेला होता. गोळ्या आता शेजारीण येऊन देत होती. ताई पलंगापाशी उभी राहून चादरीची घडी घालत होती. एक टोक डाव्या हातात, दुसरं दातांत.

मास्तरांनी दातांतलं टोक काढून घेतलं. चादर ताणून दोघं समोरासमोर उभी राहिली. लहानपणी आई त्यांच्याकडून अशाच घड्या करून घ्यायची, आणि ताई मुद्दाम हिसका देऊन धाकट्या भावाला पाडायची.

“ताई,” मास्तर म्हणाले, “डबा दोनदा वाजला होता.”

“हो.”

त्यांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. “म्हणजे तू विसरली नव्हतीस. चूक डब्याची होती. मी शोधून काढलीये.”

“शोधायचं काय त्यात? मी तिथेच होते की. पहिल्यांदा वाजला तेव्हा चहा उकळत होता. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो पीत होते.”

चादर मधोमध लोंबली.

“नीट धर,” ताई म्हणाली.

“मग दुसऱ्यांदा घेतलीस कशाला?”

“तूच सांगून गेला होतास. डबा वाजला की गोळी घ्यायची, आपलं डोकं चालवायचं नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी वाढवली असेल, तुझ्या डब्याला आधी कळलं असेल.” तिने आपलं टोक त्यांच्या टोकावर आणून ठेवलं. “घेताना जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, बाब्याने एवढं शिकून बनवलाय.”

मास्तरांच्या हातात आता अख्खी चादर होती. ती कुठे ठेवायची हे त्यांना सुचेना.

बाकीचं तिने कपडे आवरता आवरता, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. हॉस्पिटलात मुलगा भडकला होता. डबा बिघडला असेल तर कंपनीला कोर्टात खेचतो, ज्याने बनवला त्याला सोडत नाही, असं डॉक्टरांसमोर म्हणाला. नंतर त्याच्या लक्षात आलं की बनवणारा मामाच, पण तोवर ताईने सांगून टाकलं होतं, नाही रे, मीच विसरले. प्लास्टर अजून ओलं होतं तेव्हाची गोष्ट.

“आणि हे घर?” मास्तरांनी विचारलं.

“त्याच्याकडेही खोली आहे. हवेशीर आहे म्हणतात.” ती हे भिंतीकडे बघून म्हणाली. “तू उत्तर का नाही पाठवलंस? डबा नीट आहे, एवढं तर लिहायचं होतं. तो अजून मधूनच विचारतो, आई, नक्की बटण दाबलं होतंस ना. एका हाताने पाकीट फुटत नाही, म्हणून माझी पत्रं आता तोच फोडतो, तोच वाचून दाखवतो. तुझ्या अक्षरात वाचलं की गप्प बसेल.”

मास्तरांना बसावंसं वाटलं. खुर्च्या एकमेकींवर रचून बांधून ठेवल्या होत्या.

“मी खरं ते लिहीन,” ते म्हणाले.

“काही नको. ऑफिस सुटलं की तुझं काय होईल ते मला ठाऊक आहे. कपाटात शिरून बसशील आणि वाळवीबरोबर पुस्तकं खाशील.” ती हसली, मास्तर हसले नाहीत. मग ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि प्लास्टरची कड डाव्या हाताने खरवडू लागली.

“एक सांगू? रोज म्हणून म्हणून आता मलाच कधी कधी वाटतं, खरंच विसरले असेन. चहा बिहा मीच मागून जोडलेला असेल. काल गॅस बंद आहे का बघायला चारदा उठले. चारही वेळा बंदच होता. पाचव्यांदाही जाणार होते.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. भाचा वर आला, मामांना बघून बरं वाटल्यासारखं म्हणाला, गाडी शनिवारची मिळाली, आणि दोरी कुठे ठेवलीस म्हणून आईला विचारलं. ताईने सांगितलं, दाराच्या मागे. दोरी तिथेच होती. तरी भाचा तिच्याकडे जरा कौतुकाने बघून “वा” म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं. ताईने मान खाली घातली.

मास्तर घरी आले आणि कपडे न बदलताच टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर त्यांनी घड्याळांची आकृती काढली आणि तो फाडला. दुसऱ्यावर राखणीची ओळ उतरवली, समजावून सांगितली, आणि तोही फाडला. हे सगळं खरं होतं, पण ते कुणासाठी होतं, हे त्यांना दिसत होतं. तिसऱ्या कागदावर त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवायला सोपं जावं असं.

‘ताई, डबा नीट नव्हता. त्या सकाळी तो दोनदा वाजला, आणि तू दोन्ही वेळा त्याचं ऐकलंस, कारण मी तुला तसं सांगितलं होतं. बटण कुणी दाबलं नव्हतं. आम्ही ऑफिसात तसाच डबा लावून पाहिला, तोही दोनदा वाजला. ज्याला पाहायचं असेल त्याला मी दाखवीन. पहिल्या वेळी तुझा चहा उकळत होता आणि दुसऱ्या वेळी तू तो पीत होतीस. तुला सगळं बरोबर आठवतं.’

खाली सही केली. मग पेन उचललेलंच राहिलं. ताईला लिहिलेल्या पत्रात सहीखाली त्यांनी आजवर कधी काही लिहिलं नव्हतं. आता त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली हुद्दा, त्याखाली कंपनीचं नाव, आणि ऑफिसचा पत्ता. तारीखही घातली. पाकिटावर मात्र नुसतं ताईचं नाव आणि पत्ता.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना वाटेतल्या पेटीत त्यांनी ते टाकलं, आणि नेहमीच्या वेळेला जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.